रंग वाढत नसतो

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली बावीस वर्षं जांभळी आहेत. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसावेत म्हणून काचपट्टीवर आधी एक जांभळा रंग ओततात. हातमोजे घातले तरी तो कुठून तरी आत शिरतो, आणि एकदा कातडीत बसला की साबण, लिंबू, स्पिरिट, कशालाच दाद देत नाही. कर्जतच्या लॅबमध्ये कामाला लागलो तेव्हा पहिले काही महिने मला त्याचं कौतुक होतं. पुढे लग्नाकार्यात मी हात खिशात ठेवायला शिकलो.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. त्याच्या हातांना चिखल लागलेला असतो आणि त्या हातांना लोक कष्टाचे हात म्हणतात. माझे हात पाहून विचारतात, "पेन फुटलं काय?"

एवढ्यावरून लक्षात आलंच असेल. मी भावाचा हेवा करतो. 'करत होतो' असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला. आमच्यात भांडण नाही. जमीन त्यानं ढापलेली नाही, मला कधी उलटून बोललेला नाही. तसं काही केलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं. माणूस वाईट असला की त्याचा राग करता येतो. चांगल्या माणसाचा नुसता हेवा करत बसावं लागतं.

हे सुरू झालं खेकड्यांपासून. पळसदरीच्या अलीकडे आमची भाताची खाचरं आहेत. आषाढात खाचरांत पाणी साचलं की बांधाच्या पोटाला खेकड्यांची बिळं दिसू लागतात. बाबा आम्हा दोघांना घेऊन जायचे. बिळात कोपरापर्यंत हात घालायचा, बोटांच्या टोकांनी पाठ कुठली आणि नांगी कुठली हे ओळखायचं, आणि नांगी उघडायच्या आत खेकडा दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर काढायचा. मी दहा वर्षांचा असताना हात घातला तेव्हा अंगठा सोलून निघाला. भाऊ सहा वर्षांचा. त्यानं शेजारच्या बिळात हात घातला आणि पंजाएवढा खेकडा काढून बाबांपुढं धरला. बाबा म्हणाले, "याच्या हाताला खेकडा लागतो रं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मोठा टोपली धरंल."

तेव्हापासून मी टोपली धरतो. मधल्या काळात डिप्लोमा केला, नोकरी लागली, दहिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, केस विरळ झाले. पण आषाढातल्या एका रविवारी गावी जायचं, बांधावर उभं राहायचं आणि टोपली धरायची, यात काही बदल नाही.

भाऊ बारावीला आपटला आणि शेतावरच राहिला. आई गेल्यावर बाबा त्याच्याकडेच राहिले, ते साहजिकच होतं. मग त्यानं घरामागं तीन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी राहायला येऊ लागली. हा त्यांना बांधावर नेतो, बिळात हात घालतो, खेकडा काढतो, आणि ती मंडळी मोबाइलवर त्याचं शूटिंग करतात. पाहुण्यांपैकी कुणी मला विचारलं की तुम्ही काय करता, तर माझ्या आधी हाच सांगतो, "दादा लॅबमधी मोठा हाय." अभिमानानं सांगतो. तेही मला खुपतं. माझी ओळख त्याच्या तोंडून का व्हावी?

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. कर्जतच्या बाजारात लोक मला थांबवून रिपोर्ट वाचायला देतात. दोन गावं पलीकडची माणसं फोन करून विचारतात की ताप कमी होत नाही तर कुठली तपासणी करू. आणि बाबांना सर्दी झाली म्हणून मी गोळी दिली तर बाबा ती खिशात टाकत आणि म्हणत, "धाकट्याला इचारून घेतो."

गेल्याच्या गेल्या वर्षी, श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, आम्ही नेहमीसारखे बांधावर गेलो. बाबा वर आंब्याखाली घोंगडीवर बसले होते. खाचरात घोट्याच्या वर पाणी होतं, कोमट आणि गढूळ. चार-पाच खेकडे टोपलीत पडले. सहाव्या बिळात भावानं हात घातला आणि 'आई गं' म्हणून मागं ओढला. अंगठ्याच्या बुडाशी नांगी खोल रुतली होती. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहत होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं, एक श्वास घ्यावा तेवढा वेळ. मग मी त्याच्याकडं धावलो आणि धावताना पाण्यातल्या फुटक्या कौलावर पाय पडून माझीही टाच कापली. त्याच पाण्यात, त्याच वेळी. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे मी यावर फार विचार केला.

घरी येऊन दोघांच्या जखमा मी धुतल्या आणि त्यांवर निळं औषध लावलं. गावाकडं प्रत्येक घरात ती छोटी बाटली असते. नाव निळं, रंग पक्का जांभळा. मी बाबांना सांगितलं की आम्ही लॅबमध्ये वापरतो तोच हा रंग आहे, दोन्ही एकच. बाबा माझ्या बोटांकडं बघून म्हणाले, "मंग तुझी बोटं म्हंजे औषधच झाली की." थट्टाच होती ती. पण परत येताना स्कूटरवर मी ते वाक्य मनात चार वेळा म्हटलं.

माझी टाच चार दिवसांत सुकली. भावाचा हात सुकेना. अंगठा सुजला, सूज मनगटापर्यंत चढली. मी रोज काम सुटल्यावर पळसदरीला जायचो, जखम पुसायचो आणि पुन्हा निळं औषध थापायचो. बाबा शेजारी बसून बघायचे. भाऊ हात पुढं करायचा आणि विचारायचा, "दादा, बरं हाय ना आता?" मी डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणायचो, "दोन दिवस थांब, ओढेल." त्या आठवड्यात मी त्या घरात महत्त्वाचा माणूस होतो आणि मला ते सोडवत नव्हतं. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. तरी मी म्हणालो, थांब.

रविवारी पाहुण्यांपैकी एका बाईंनी त्याचा हात पाहिला आणि आजच्या आज डॉक्टर गाठा म्हणून सांगितलं. त्यांचं त्यानं लगेच ऐकलं. मला राग आला. राग आला हे मी इथं लिहून ठेवतो.

सोमवारी सकाळी कर्जतच्या डॉक्टरांनी अंगठ्याजवळचा फोड फोडला, भावाला त्यांच्याच चार खाटांच्या दवाखान्यात ठेवून घेतलं, नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं आणि पू आमच्या लॅबमध्ये पाठवला. कागदावर भावाचं नाव पाहून मीच तो नमुना हातात घेतला. पू काडीनं एका बशीसारख्या प्लेटवर पसरवायचा, प्लेटमध्ये जंतूंना खायला घातलेली जेली असते, आणि ती प्लेट अंगाइतक्या ऊबेच्या कपाटात ठेवून द्यायची. जंतू असला तर दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. मग एक ठिपका उचलून काचपट्टीवर घ्यायचा, रंग द्यायचा आणि बघायचं. हे मी हजारो वेळा केलेलं काम.

मंगळवारी दुपारी बाबा लॅबमध्ये आले.

वीस वर्षांत ते कधी लॅबचा जिना चढले नव्हते. बाजारात यायचे, खालच्या दुकानात चहा घ्यायचे, मला खाली बोलवायचे. त्या दिवशी धोतर आवरत, कठड्याला धरत वर आले आणि पेशंटच्या बाकावर बसले. मला काय वाटलं ते सांगायला मी शरमतो, पण सांगतो. मला आनंद झाला. मी त्यांना पाणी दिलं. आत जाऊन सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, जपून ठेवलेली एक सुंदर काचपट्टी त्याखाली लावली, जिच्यात जंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसतात. बाहेर येऊन म्हणालो, "बाबा, आत या, गंमत दाखवतो."

बाबा म्हणाले, "ते राहू दे रं. त्याचं काय निघालं ते सांग."

मी आत गेलो. कपाट उघडलं, भावाची प्लेट काढली. काडी जिथं ओढली होती त्या रेषेवर बारीक, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते आणि त्यांच्यावर फिकट जांभळी झाक होती. मला हसू आलं. सात-आठ दिवस थापलेलं माझंच औषध पुवाबरोबर उतरलं होतं. जांभळा रंग म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. माझी बोटं पाहा.

नियम असा की प्लेटवर काहीही उगवलेलं दिसलं तर त्याची काचपट्टी करून बघायची. चार मिनिटांचं काम. अनोळखी माणसाचा नमुना असता तर हात आपोआप चालले असते. त्या दिवशी मी हात धुतले. बाहेर बाबा बसले होते, ज्याच्यासाठी ते आयुष्यात पहिल्यांदा हा जिना चढले त्याची ही प्लेट होती, आणि माझ्या मनात शब्दशः असं आलं की बसू दे अजून एक दिवस वाट बघत. मी चिठ्ठी लिहिली: 'नमुन्यात जखमेवरील औषधाचा जांभळा रंग मिसळला आहे. जखम स्वच्छ करून नमुना पुन्हा पाठवावा.' खाली सही, तारीख. चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती नीट दुमडून बंडीच्या खिशात ठेवली आणि स्वतः डॉक्टरांकडं नेऊन दिली. डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन चालू ठेवलं.

प्लेट मी टाकायच्या ट्रेमध्ये ठेवली. असल्या प्लेटा संध्याकाळी वाफेच्या भांड्यात उकळून मगच फेकतात. त्या संध्याकाळी लाइट गेली. आमच्याकडं पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. भांडं लागलं नाही, ट्रे तसाच राहिला. मी कुलूप लावून घरी गेलो.

बुधवारी सकाळी ट्रे उचलला तर वरचीच प्लेट भावाची. टाचणीच्या टोकांची बटणं झाली होती. गडद, चकचकीत, शाईच्या थेंबांसारखी. कालच्या रेषेत जिथं मोकळी जागा होती तिथंही आली होती, आणि एकमेकांना चिकटली होती.

मी ट्रे खाली ठेवला आणि स्टुलावर बसलो. रंग पसरतो, फिका होतो, उडतो. रंग वाढत नसतो. जे वाढतं ते जिवंत असतं. वीस वर्षं ज्याला हे कळत होतं त्याला काल दुपारी ते कळलं नाही.

डिप्लोमाच्या पुस्तकात या जंतूवर चार-पाच ओळी होत्या. परीक्षेला कधी येत नाहीत म्हणून त्या कुणी पाठ करत नसे. मला मात्र जांभळा हा शब्द आठवत होता. ऊन-पावसाच्या देशांत मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, माणसाच्या वाटेला क्वचित जातो, प्लेटवर जांभळा उगवतो. आणि शेवटची ओळ: नेहमीच्या इंजेक्शनांना जुमानत नाही, रक्तात उतरला तर यकृतात गळवं करतो, उपचाराला उशीर झाला तर रोगी दगावतो. उशीर हा शब्द पुस्तकात होता की मी नंतर घातला, ते आता सांगता येणार नाही.

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम एक दिवसाआड पनवेलहून येतात. त्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "पट्टी केलीस?"

"आत्ता करतो."

"काल काही नव्हतं?"

"काल दिसत नव्हतं," मी म्हणालो.

हे खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. त्या म्हणाल्या, शाबास, मी आत्ता तिथल्या डॉक्टरांशी बोलते, तू एक मिनिट घालवू नकोस. मी पट्टी केली. घाईत रंग मनगटापर्यंत सांडला. सूक्ष्मदर्शकाखाली, जांभळा रंग धुऊन गेल्यावर, बारीक गुलाबी काड्या दिसल्या, जशा पुस्तकात होत्या तशा. अर्ध्या तासात इंजेक्शन बदललं आणि दुपारच्या आत भावाला अँब्युलन्समधून पनवेलला हलवलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. पनवेलच्या अलीकडच्या टोलनाक्यापाशी गाडी गर्दीत अडकली तेव्हा मागून त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मी देवाला म्हणालो की याला जगव, पुन्हा कधी याचं वाईट चिंतणार नाही. असली वचनं माणूस कशी देतो कोण जाणे.

यकृतात तीन गळवं निघाली. पहिले तीन दिवस डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणत होते. बाबा कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे.  एकदा फक्त म्हणाले, "त्याच्याबिगर मी काय करू रं." मी तिथंच शेजारी बसलो होतो. मीही त्यांचाच मुलगा. त्या जागी, त्या वेळीसुद्धा हे माझ्या मनात आलं, आणि ते आलं म्हणून मला स्वतःची किळस आली, पण आलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मग खरी गंमत सुरू झाली. हा जंतू त्या हॉस्पिटलात कुणी पाहिलेला नव्हता. रोज सकाळी डॉक्टरांचा घोळका त्याच्या खाटेभोवती. शिकणारी मुलंमुली वह्या घेऊन. खेकडा कसा धरतात हे तो डाव्या हातानं करून दाखवायचा आणि सगळी हसायची. नर्स त्याला घरचा डबा आणून द्यायच्या. मी खाटेच्या पायथ्याशी पिशवी धरून उभा असायचो. इथं पिशवी, तिथं टोपली. मी मनात म्हटलं, रोग झाला तर तोही याला लाखात एकाला होणारा. मला आयुष्यात झाला एकदा टायफॉइड, तो अख्ख्या दहिवलीला झाला होता.

त्याच पाण्यात माझीही टाच कापली होती, मग मला का नाही, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, हा संधिसाधू जंतू. तुमच्या प्रत्येक खाचरात असणार. शंभर माणसं रोज त्यातून चालतात, तो काही करत नाही. ज्याचं अंग आतून कमकुवत झालंय आणि वरून फट मिळालीय, तिथंच तो शिरतो." भावाला साखर निघाली होती. कुणाला माहीत नव्हती, त्यालाही नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला साखर कशी असेल, असंच सगळ्यांना वाटायचं. मॅडमचं बोलणं ऐकताना मी माझी बोटं टेबलाखाली घेतली. संधिसाधू कोण, हे मला त्या प्लेटपेक्षा बरं ठाऊक होतं.

पंधरा-सोळा दिवसांनी तो घरी आला. पुढे कितीतरी महिने गोळ्या चालू राहिल्या, कारण हा जंतू गेला असं वाटतं आणि परत येतो. अंगठा मात्र आखडला तो आखडलाच. मूठ पूर्ण मिटत नाही. साचलेल्या पाण्यात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

आणि बाबा बदलले. मी आयुष्यभर जे मागत होतो ते मला मिळालं. बाबा भेटेल त्याला सांगू लागले, "मोठ्या मोठ्या डाक्टरांना जमलं नसतं. माझ्या मोठ्यानं नुसत्या रंगावरून वळखलं." न्हाव्याकडं सांगितलं, रेशनच्या रांगेत सांगितलं, ठाकुरवाडीहून रानभाज्या विकायला येणाऱ्या बाईंना सांगितलं. शनिवारच्या पाहुण्यांपुढं मला बोलावून माझा हात वर धरला आणि म्हणाले, "ही बोटं बघा." पाहुण्यांनी माझ्या बोटांचे फोटो काढले. गोळी दिली की आता ते मुकाट्यानं गिळतात.

यात मला एक क्षण सुख झालं नाही. चोराच्या मनात चांदणं. बाबा बोलायला लागले की मला बंडीचा खिसा दिसायचा आणि त्यात दुमडलेली चिठ्ठी. वाटायचं की असा एक मोठा मुलगा असता तर बरं झालं असतं, ज्यानं मंगळवारी चार मिनिटं काढून पट्टी केली असती. बाबा ज्याची गोष्ट सांगतात तोच तो. मी त्याचाही हेवा करू लागलो. घरात एकाचा हेवा पुरत नव्हता म्हणून मी हा दुसरा आणून बसवला.

वर्ष असंच गेलं. गेल्या आषाढात बाबांनी पुन्हा खेकड्यांचं काढलं. मी म्हणालो, बाजारातून आणू. बाबा म्हणाले, "बाजारातलं काय खायाचं. तू घाल की हात." मी रबरी हातमोजे नेले, कोपरापर्यंतचे. बाबा आंब्याखाली बसले. भाऊ बांधावर कोरड्या जागी, आखडलेला हात मांडीवर ठेवून, आणि टोपली त्याच्या पुढ्यात. मी पाण्यात उतरलो. दोन बिळं चाचपली, दोन्ही रिकामी. पाठ बाबांकडं होती, ते लांब होते, ऐकू जाणार नव्हतं. मला वाटलं आत्ता नाही बोललो तर कधीच नाही.

मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. तुझी प्लेट मंगळवारीच जांभळी होती."

 मी पुढं बोलत राहिलो. मी पाहिलं होतं. औषधाचा रंग आहे असं ठरवलं. पट्टी केली नाही. बाबा तुझ्यासाठी जिना चढून आले म्हणून मला राग आला होता. मॅडमना खोटं सांगितलं. लाइट गेली नसती तर प्लेट उकळली गेली असती आणि तू आज इथं बसला नसतास. सगळं सांगितलं, बिळात हात तसाच ठेवून, त्याच्याकडं न बघता.

"म्हाईत हाय," भाऊ म्हणाला.

मी वळून पाहिलं.

"चिठ्ठी व्हती फाइलीत. पनवेलला पडल्या पडल्या वाचली. तारीख व्हती, जांभळा रंग लिवलं व्हतं." तो टोपलीची कड बोटानं खरवडत होता. "घरी यायच्या आदल्या दिशी काढून टाकली. बाबा फाइल सगळ्यांना दाखवत बसतात, तुला म्हाईत हाय. कुनीतरी वाचून दाखवली असती त्यांना."

वर्षभर. बाबांनी माझी बोटं पाहुण्यांपुढं धरली तेव्हा तो शेजारी उभा होता. न्हाव्याला गोष्ट सांगताना तो समोरच्या खुर्चीत होता. कधी डोळ्यांतसुद्धा दाखवलं नाही.

मला रडू यायला हवं होतं. उपकार वाटायला हवे होते, आणि ते वाटलेही, पण नंतर, घरी गेल्यावर. बांधावर पहिलं जे वाटलं ते मी ओळखलं, कारण ते माझ्या अंगात लहानपणापासून राहतंय. इथंही हाच पुढं. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, तिच्यातसुद्धा मोठेपणा याच्याच वाट्याला आला. मी त्याच्या जागी असतो तर ती चिठ्ठी जपून ठेवली असती. तिची झेरॉक्स काढली असती.

"असा काय उभा ऱ्हायलास, दादा?" तो म्हणाला. "ते बीळ सोड, जुनं हाय. तुझ्या डाव्या अंगाला, दगडाच्या खाली बघ. माती वली हाय ना? तिथं घाल. आधी पाठीला बोट लाव, घाई करू नको."

मी हात घातला. मोज्यातून काही नीट कळत नव्हतं. मग कठीण, गोल असं काहीतरी लागलं. मी त्यानं सांगितलं तसं थांबलो, दोन्ही बाजूंनी दाबलं आणि बाहेर ओढलं. पंजाएवढा खेकडा होता. चव्वेचाळीस वर्षांचा होऊन माझा हा पहिला.

आंब्याखालून बाबांनी हाक मारली, "कुनी धरला रं?"

"दादानं," भाऊ म्हणाला, आणि त्यानं टोपली पुढं केली.